फिट्टंफाट

माझं गाव टेंभुर्णी. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘‘हां, सोलापूर हायवेवरचं ना?’’ ते नाही. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यात, जाफ्राबाद तालुक्यात. तालुक्याला लागून बुलढाण्याची हद्द. एवढा खुलासा झाला की पुढचा प्रश्न येतो, ‘‘आडनाव काय म्हणालास?’’ गावाकडे एवढे आढेवेढे नसतात. तिथे सरळ विचारतात, ‘‘पाव्हणे कुणापैकी?’’

मी मराठा. या प्रश्नाचं उत्तर देताना मला कधी अडखळावं लागलं नाही. पुढे जे लिहिणार आहे ते कुणाच्या तोंडून येतंय हे वाचणाऱ्याला माहीत असावं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक बिनमार्कांचा विषय होता. हजेरी मात्र सक्तीची. त्यात दोन दिवस ‘विविधता आणि समावेशन’ या विषयावर कार्यशाळा झाली. पुण्याहून एक ट्रेनर आले होते. पहिला दिवस स्लाइड्समध्ये गेला. दुसऱ्या दिवशी आम्हाला कॉम्प्युटर लॅबमध्ये नेलं आणि हार्वर्डच्या सर्व्हरवरची एक टेस्ट उघडायला लावली. नाव इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजे आयएटी. आपल्याला स्वतःलाही माहीत नसलेला पूर्वग्रह ही टेस्ट बाहेर काढते, असं सांगण्यात आलं.

टेस्ट सोपी असते. स्क्रीनवर एकामागून एक चेहरे आणि शब्द येतात. गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला तर डावीकडची की, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला तर उजवीकडची. थोड्या वेळाने जोड्या बदलतात : आता गोरा चेहरा वाईट शब्दाबरोबर, काळा चांगल्या शब्दाबरोबर. कोणत्या जोडीला तुमची बोटं किती मिलिसेकंद जास्त घेतात, ते मोजतात. त्या फरकातून एक आकडा काढतात. आकडा ०.१५ च्या वर गेला तर ‘थोडी पसंती’, ०.३५ च्या वर ‘मध्यम’, ०.६५ च्या वर ‘तीव्र’.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात साठ पोरं-पोरी अमेरिकेतले गोरे आणि काळे चेहरे डावी-उजवीकडे लावत बसली होती. आमच्यातल्या निम्म्यांनी खरा अमेरिकन माणूस कधी पाहिलेला नव्हता.

माझा निकाल आला : गोऱ्या लोकांना मध्यम पसंती. माझ्यापासून दोन कॉम्प्युटर सोडून माझा पहिल्या वर्षाचा रूममेट बसला होता. त्याचा निकाल : गोऱ्या लोकांना थोडी पसंती. बहुतेकांचं असंच काहीसं आलं. ट्रेनर खूश झाले. म्हणाले, ‘‘बघा, आपण सगळेच बायस्ड आहोत! इथे कुणी दोषी नाही. स्वतःला ओळखणं ही पहिली पायरी.’’ टाळ्या झाल्या. रूममेट माझ्याकडे वळला, हसला आणि म्हणाला, ‘‘चल, फिट्टंफाट.’’

त्या कार्यशाळेवर आलेली ही सगळ्यात नेमकी प्रतिक्रिया होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

रूम का बदलली

पहिल्या वर्षी आम्ही दोघं हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. तो परतूरकडचा, बौद्ध. सी लँग्वेजमधले पॉइंटर्स मला त्यानेच शिकवले. माझ्या घरून आलेला ठेचा आणि त्याच्या घरून आलेली शेंगदाण्याची चटणी एकाच डब्यात ठेवायचो. मग एकदा माझे काका सामान द्यायला आले. खोलीत बसले आणि त्याला विचारलं, ‘‘बाळ, तू कुणापैकी?’’ त्याने नाव आणि आडनाव सांगितलं. काकांनी ‘‘बरं, बरं’’ म्हटलं. त्याने पुढे केलेला पाण्याचा ग्लास तसाच टेबलावर राहिला. जिना उतरताना ते मला म्हणाले, ‘‘रूम बदलून घे. घरी मी काही सांगत नाही.’’

आठवडाभरात मी अर्ज दिला. कारण लिहिलं : ‘अभ्यासात व्यत्यय येतो.’ रेक्टरांनी अर्ज वाचला, दोघांच्या नावांकडे पाहिलं आणि सही केली. एक प्रश्न विचारला नाही. मी गाववाल्या पोरांच्या खोलीत राहायला गेलो. त्याला काही सांगावं लागलं नाही. ज्याला लहानपणापासून ‘कुणापैकी’ची सवय असते त्याला सगळं कळतं.

आता या प्रकाराला अजाणता झालेला पूर्वग्रह म्हणा बरं. काकांनी विचारून घेतलं, ऐकून घेतलं, मग निर्णय दिला. मी आठवडाभर विचार केला आणि मग खोटं कारण लिहिलं. रेक्टरांनी नावं वाचली. तीन माणसं, तिघंही पूर्ण जागी. मिलिसेकंदांचा प्रश्न कुठे आला?

तरीही तिसऱ्या वर्षाला त्या लॅबमध्ये ‘सगळेच बायस्ड’ हे वाक्य ऐकल्यावर मला केवढं हलकं वाटलं होतं, ते मला अजून आठवतं. दोन वर्षं छातीवर असलेला दगड कुणीतरी उचलून मेंदूतल्या वायरिंगवर ठेवला. त्यानेही ‘थोडी पसंती’ दाखवली, मीही ‘मध्यम’ दाखवली. दोघंही आजारी, दोघंही निर्दोष. त्याच्या बाजूने पाहा. ज्याची खोली सोडून लोक जातात आणि जो सोडून जातो, ते दोघं एकाच यादीत, एकाच रोगाचे पेशंट म्हणून बसवले गेले. वर टाळ्या. तो ‘फिट्टंफाट’ म्हणाला नसता तर काय म्हणाला असता?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या कॉलेजांत आणि कंपन्यांत होणारी ही पूर्वग्रहाची टेस्ट जात शोधत नाही, जातीला माफीपत्र देते. जी गोष्ट उघड आहे तिला ती लपलेली ठरवते. जी संस्थेची आहे तिला एकेकट्याच्या डोक्यात ढकलते. आणि ज्याने केलं आणि ज्याने सोसलं, त्या दोघांचा हिशोब परस्पर मिटवून टाकते.

टेस्टच मुळात फ्लेकी आहे

आता थोडं माझ्या धंद्याच्या भाषेत. आमच्याकडे तोच कोड, तीच टेस्ट, आणि सकाळी पास, संध्याकाळी फेल असं झालं की त्या टेस्टला ‘फ्लेकी’ म्हणतात. फ्लेकी टेस्टच्या भरवशावर कुणी रिलीज अडवत नाही. आयएटीत त्याच माणसाने पुन्हा टेस्ट दिली तर दोन आकड्यांमधलं सहसंबंधाचं प्रमाण साधारण ०.५ येतं. म्हणजे सोमवारचा ‘मध्यम’ शुक्रवारी ‘थोडा’ होऊ शकतो. एखाद्या माणसावर शिक्का मारायला हे फार तोकडं आहे.

हे मी शोधून काढलेलं नाही. आयएटी १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ग्रीनवाल्ड, मॅहझरीन बनाजी आणि ब्रायन नोसेक या तिघांनी पुढे ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. याच तिघांनी २०१५ मध्ये लिहिलं आहे की, एकेका व्यक्तीचं निदान करण्यासाठी ही टेस्ट वापरणं अडचणीचं आहे. त्यांच्या वेबसाइटवरही निकालाबद्दल सावधगिरीची सूचना असते. म्हणजे ज्यांनी हत्यार बनवलं ते म्हणतात जपून वापरा, आणि आमचे ट्रेनर ते साठ पोरांवर एकदम चालवतात आणि संध्याकाळी सर्टिफिकेट वाटतात. (माझं अजून लिंक्डइनवर होतं. हा लेख लिहिताना काढलं.)

मग लोक म्हणतात, आकडा सोड, पण माणूस बदलतो ना? २०१९ मध्ये पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून ८७ हजारांहून जास्त माणसं होती. असल्या उपायांनी टेस्टमधला आकडा थोडाफार हलवता येतो, पण आकडा हलला म्हणून माणसाचं वागणं बदलतं, याला पुरावा मिळाला नाही. माझ्या बाबतीत तर आकडा न हलताच माझी टोचणी गेली. वागणं बदलायचं कारणच संपलं.

आणि हे कॉलेजापुरतं नाही. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका स्टारबक्समध्ये दोन काळ्या तरुणांना नुसतं बसले म्हणून पोलिसांनी पकडून नेलं. मे महिन्यात कंपनीने अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं एक दुपार बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाचं प्रशिक्षण दिलं. बातमी जगभर गेली. खरा प्रश्न साधा होता : कोणत्या गिऱ्हाइकासाठी पोलिसांना फोन करायचा आणि कोणत्या नाही, याचा नियम काय? त्याचं उत्तर कुणाच्याही अवचेतन मनात नसतं. ते दुकानाच्या नियमावलीत असतं.

दोन टेस्ट, दोघंही जुन्या निजामी मुलखातले

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. मॅहझरीन बनाजी मूळच्या सिकंदराबादच्या. १९४८ पर्यंत आमचा मराठवाडाही त्याच हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे तसं पाहिलं तर आयएटी आमच्या जुन्या घरातल्या लेकीनेच बनवली. पण त्याच मुलखाशी नातं असलेली दुसरी एक टेस्ट आहे, आणि ती आम्हाला कुठल्याच कार्यशाळेत कुणी दाखवली नाही.

सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेलं हे कॉलेज. पुढे थोरात यूजीसीचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल अटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. पद्धत अगदी सरळ. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिराती घेतल्या. त्यांना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखं. बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, दलित वाटणारं, मुस्लिम. मग कुणाला बोलावणं येतं ते मोजलं. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचे ऑड्स ०.६७ पट निघाले. मुस्लिम नावाला ०.३३ पट.

या टेस्टमध्ये कुणाच्या मनात काय होतं हे कुणी विचारलंच नाही. एचआरच्या माणसाने जाणूनबुजून केलं की नकळत, याने त्या उमेदवाराला काय फरक पडतो? फोन आला नाही, एवढं खरं. ही आहे प्रॉडक्शनच्या लॉगवरची टेस्ट. आयएटी म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर जळत असताना डेव्हलपरच्या मेंदूचं स्कॅनिंग करण्यासारखं आहे.

म्हणून आयएटी बोगस ठरली की उड्या मारणाऱ्या माझ्याच जातभाईंनाही सांगतो : थर्मामीटर बिघडला म्हणून ताप नव्हता असं होत नाही. ‘बघा, हे सगळं वोक अमेरिकन थोतांड आहे, आता कुठे जात राहिलीय’ असे मेसेज मला येतात. ज्या ग्रुपवर येतात त्या ग्रुपला नाव जातीचं असतं.

आपल्याकडे जात लपते कुठे?

मराठवाड्यात राहून जात अवचेतनात असते असं म्हणायला फार धाडस लागतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलितांची घरं पेटवली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एका विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं. त्यात काय अजाणतेपणी झालं?

अलीकडचं घ्या. १ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. आरक्षणाच्या मागणीवर इथे बोलत नाही, तो वेगळा विषय. पण त्या वर्षभरात आमच्या दहावीच्या बॅचच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचे तीन झाले. कोण कुठल्या ग्रुपात गेला हे ओळखायला हार्वर्डची गरज पडली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण नाव समतानगर झालं तरी वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहिली. कार्यशाळांचंही असंच आहे. पाटी नवी, नकाशा जुना.

आणि हा नकाशा शिकणाऱ्या पोरांना नेमकं काय करतो, हेही मोजून झालेलं आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं वरच्या जातींतली, ३२१ खालच्या मानलेल्या जातींतली. जात जाहीर न करता कोडी दिली तेव्हा दोन्हींत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तीच. बदलली ती घोषणा. आता आठवा, तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ॲडमिशनची यादी लागायची तेव्हा नावापुढच्या रकान्यात काय असायचं?

मग टेस्ट कुणाची घ्यायची?

संस्थेची घ्या. २००७ मध्ये थोरातांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी बोलून अहवाल दिला. हॉस्टेलमध्ये त्रासाला कंटाळून हे विद्यार्थी ठरावीक मजल्यांवर एकत्र सरकत गेले, असं त्यात आहे. मी तो वाचला तेव्हा मला माझा अर्ज आठवला. देशातल्या सगळ्यात मोठ्या मेडिकल कॉलेजात आणि आमच्या आडगावच्या हॉस्टेलात एकच गोष्ट घडत होती. हे माझ्या एकट्याच्या मेंदूतलं वायरिंग कसं असेल? ती व्यवस्था होती, आणि तिच्या फायली होत्या.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी समाजातल्या. तीन सीनियर डॉक्टरांवर छळाचा आणि जातिवाचक बोलण्याचा आरोप ठेवला गेला. प्रकरण कोर्टात आहे. उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे यूजीसीचे नियम त्याआधी सात वर्षं, २०१२ पासून होते. ते पाळले जात नाहीत म्हणून पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या. जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने नवे नियम आणले, त्यावर गदारोळ झाला आणि महिना संपायच्या आत कोर्टाने त्यांना स्थगिती दिली. पोरं गमावलेल्या दोन आया नियम मागतायत, आणि आम्ही त्यांना ‘आत्मपरीक्षण’ देतोय.

म्हणून ट्रेनरचं मानधन वाचवा आणि ही कामं करा. नोटीस बोर्डावरच्या यादीतून प्रवर्गाचा रकाना काढा. हॉस्टेलच्या रूम बदलीच्या अर्जांचा दर वर्षी हिशोब काढा : कोण कुणाची खोली सोडून जातं, त्यात काही नमुना दिसतो का. लेखी परीक्षेचे मार्क आणि तोंडी परीक्षेचे मार्क शेजारी शेजारी ठेवा, प्रवर्गानुसार सरासरी काढा, नावं न देता जाहीर करा. लेखीत बरोबरीला असलेली पोरं तोंडीत मागे का पडतात, हे मग त्या त्या विभागाला विचारा. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती दिवसांत, हे वेबसाइटवर टाका. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं की दुसऱ्याला त्याची जेईईची रँक किंवा जात विचारू नका. याने जात संपत नाही, मान्य. पण ‘कुणापैकी’ या प्रश्नावर कुणीतरी बोट ठेवलं. तो नियम आहे, मोडला की मोडला म्हणता येतं.

आणि आमच्या आयटीवाल्यांसाठी. आमचं ‘कुणापैकी’ म्हणजे रेफरल. आतापर्यंत मी सहा जणांचे रेझ्युमे आत सरकवले. काल बसून यादी काढली. चार माझ्या जातीचे, एक ब्राह्मण, एक मारवाडी. सगळी हुशार पोरं होती, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याच बॅचमध्ये पॉइंटर्स शिकवणारा एक जण होता आणि त्याचा रेझ्युमे मी कधी मागितला नाही. हा आकडा कुठल्याही आयएटीने मला सांगितला नसता. मेलबॉक्सने पाच मिनिटांत सांगितला.

कुणी म्हणेल, टेस्टमुळे निदान माणूस स्वतःकडे बघतो. बघतो ना! मीही बघितलं आणि मला स्वतःबद्दल बरं वाटलं. प्रामाणिक वाटलो मी मला. एवढ्यावर भागत असेल तर कशाला कोण माफी मागेल?

हा लेख लिहायच्या आधी त्याला मेसेज केला. बऱ्याच वर्षांनी. काय लिहिणार आहे ते सांगितलं, नाव टाकणार नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘‘लिही. टेस्टबद्दल कमी लिही, अर्जाबद्दल जास्त.’’

मला ते पूर्ण जमलेलं नाही, टेस्टबद्दलच जास्त लिहून झालं. पण अर्जात दुरुस्ती करायची राहिली होती, ती करतो. कारणाच्या जागी मी ‘अभ्यासात व्यत्यय येतो’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. त्याच्यामुळे माझा अभ्यास होत होता. मी खोली बदलली ती त्याच्या जातीमुळे, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं.